मी न दिलेला शब्द

सर मला सातवीपासून ओळखत होते. भिंगारच्या शाळेत ते मराठी शिकवायचे आणि धडा मोठ्याने वाचायची वेळ आली की मलाच उभं करायचे. पुढे मी तिथल्याच एका लष्करी कार्यालयात सिव्हिलियन क्लार्क म्हणून लागलो, तेव्हा सावेडीतल्या हौशी नाटकमंडळींत त्यांनीच मला आणलं. अकरा वर्षं मी तिथे भालदार झालो, दूत झालो, वैद्य झालो आणि गर्दीत उभा राहिलो. राजे कायम सरच असायचे.

त्या वर्षी आमच्या दिग्दर्शिका मॅडमनी स्वतः एक शोकांतिका लिहिली, जुन्या धाटणीची. सेनापती आपल्या राजाला विष देतो, गादीवर बसतो आणि मग दरबारात कोणी खोकलं तरी दचकतो. वाचन संपल्यावर मी धीर करून म्हणालो, "मॅडम, सेनापती मी करून बघू का?"

मॅडमनी सरांकडे पाहिलं. सर हसले. "आवाज चांगला आहे याचा," ते सगळ्यांसमोर म्हणाले, "पण याला गादीवर बसवलं तरी हा आवक-जावक रजिस्टरच मागेल."

सगळे हसले. मीही हसलो. सेनापती सरांकडे गेला. मला द्वारपालाची भूमिका मिळाली, दोन वाक्यांची, आणि विंगेत उभं राहून प्रॉम्प्टिंग करायचं काम.

तालमी सुरू होऊन महिना झाला असेल. आम्ही तालमी करायचो त्या शाळेच्या हॉलमागच्या नळाजवळ सरांनी मला बाजूला घेतलं. सदुसष्ट वर्षांचा हा माणूस हात धूत होता, आणि धुऊन झाल्यावरही धूतच राहिला.

"हल्ली मध्येच वाक्य सापडत नाही रे," ते म्हणाले. "फार नाही. एखाद्या ठिकाणी. तू फक्त पहिला शब्द दे, पुढचं मी ओढून नेतो. मॅडमना सांगू नकोस."

"नाही सांगणार, सर."

आणि मी ते पाळलं. पाच-सहा तालमींत मी पहिला शब्द दिला आणि सरांनी पुढचं इतक्या सहज उचललं की समोर बसलेल्यांना काही कळलं नाही. एव्हाना सगळी संहिता मला पाठ झाली होती. स्कूटरवरून कामाला जाताना मी हेल्मेटच्या आत सेनापतीची भाषणं म्हणायचो.

रंगीत तालीम रविवारी दुपारी होती. मंडळींचे नातेवाईक, शाळेचे दोन-चार शिक्षक असे चाळीसएक लोक आले होते. काकू, म्हणजे सरांच्या पत्नी, पहिल्या रांगेत होत्या. तिसऱ्या अंकात मेलेल्या राजाचा मुलगा भर दरबारात विचारतो, "माझे वडील कसे गेले?" त्यावर सेनापतीचं उत्तर आहे, "तुझे वडील माझ्या मांडीवर गेले." तिथून त्याचं मोठं भाषण सुरू होतं.

मुलाने विचारलं. सर थांबले. आधी सगळ्यांना तो अभिनयच वाटला. मग सरांनी किंचित मान वळवून माझ्याकडे पाहिलं.

मला फक्त "तुझे" म्हणायचं होतं. शब्द तोंडात आलेला होता. मी ओठ मिटून घेतले.

असं करायचं मी आधी ठरवलं होतं का, हे मी स्वतःला पुष्कळदा विचारलं आहे. ठरवलं नव्हतं. पण ओठ मिटल्यावर मला जे वाटलं ते बरं वाटलं, हे खरं आहे. सरांनी आधीचं वाक्य पुन्हा म्हटलं. मुलाने गोंधळून पुन्हा विचारलं, "माझे वडील कसे गेले?" सर पुन्हा माझ्याकडे बघायला लागले. त्यांच्या कपाळावरचा रंग घामाने भुवयांवर उतरला. मागे कोणीतरी फिस्सकन हसलं. काकूंनी पदर तोंडावर धरला.

मॅडम उठून स्टेजजवळ आल्या. "प्रॉम्प्टिंग का नाही झालं?"

"मी शब्द दिला होता, मॅडम," मी म्हणालो. "तीनदा दिला. सरांना ऐकू आलं नाही."

सरांनी माझ्याकडे पाहिलं. आता हे बोलतील, असं मला वाटलं. ते म्हणाले, "दिला असेल. दिला असेल त्याने." आणि मुकुट काढून हातात धरला.

पडदा आवरताना शाळेचा शिपाई माझ्याजवळ आला. तो पाथर्डीकडचा, मितभाषी माणूस. "सायेब, तुमी बोललाच न्हाई," तो म्हणाला. "मी तुमच्या मागंच हुतो."

"तुम्हाला काय ऐकू येतंय तिथून?"

तो वळला. "ऱ्हाऊ द्या. मला काय करायचंय," म्हणाला आणि खुर्च्या उचलायला लागला.

त्या आठवड्यात सरांनी कान तपासून घेतले. कान ठणठणीत निघाले. दुसऱ्या दिवशी काकूंचा फोन आला.

"खरं सांग बाळ, तू शब्द दिला होतास ना? ते म्हणतात, मला काहीच ऐकू आलं नाही. कान तर चांगले आहेत म्हणे."

इथे मला मागे फिरता आलं असतं. रंगीत तालमीतलं खोटं एका क्षणाचं होतं. या वेळी मी ऑफिसात खुर्चीवर शांत बसलेला होतो.

"दिला होता, काकू. तीनदा," मी म्हणालो. "आणि पूर्वीही असं झालंय. त्यांनीच मला कोणाला सांगू नकोस म्हटलं होतं."

काकूंनी फोन ठेवला. नंतर कळलं, त्यांनी त्याच संध्याकाळी सरांच्या स्कूटरची किल्ली काढून घेतली. बाजारात एकट्याने जाणं बंद केलं. सर भांडले नाहीत. कानात पडलेला शब्दही आपल्या डोक्यापर्यंत पोचत नाही, यावर त्यांचा विश्वास बसला होता. ज्याने आपल्याला कधी फसवलं नाही, त्या विद्यार्थ्याने तसं सांगितलं होतं.

सेनापती मला मिळाला. नाटक ज्या स्पर्धेसाठी बसवलं होतं, तिला तीन आठवडे होते. मॅडम म्हणाल्या, सरांकडे जाऊन बसत जा, त्यांनी सगळं बसवलेलं आहे. मी रोज सकाळी गेलो. सरांनी मला गादीवर बसायचं कसं ते शिकवलं. "आधी हात टेक. मग अंग. गादी आपली नाही हे हाताला माहीत असतं," ते म्हणायचे. स्वतः खुर्चीत बसून दाखवायचे. मी ते जसंच्या तसं उचललं. काकू चहा आणून ठेवायच्या.

प्राथमिक फेरीत मला अभिनयाचं पहिलं बक्षीस मिळालं. काही महिन्यांनी अंतिम फेरी झाली, तेव्हा सर रंगपटात आले. माझ्या अंगरख्यावरून हात फिरवत त्यांनी विचारलं, "छान करतोस. हे काम आधी कोण करायचं?"

मॅडमनी तोंड फिरवलं. आणि मला, हे लिहायला जड जातं, हायसं वाटलं. म्हणजे आजार होताच. म्हणजे मी जे खोटं बोललो, ते तसं खोटं नव्हतंच.

या समजुतीवर मी वर्ष काढलं. मग ती पुरेना. एका सकाळी मी सरांच्या घरी गेलो. ते गॅलरीत बसून समोरच्या बंगल्याच्या भिंतीकडे बघत होते. मी काकूंना स्वयंपाकघरात सगळं सांगितलं. शब्द दिला नव्हता, फोनवरही खोटं बोललो. त्या कोथिंबीर निवडत होत्या. हात थांबले नाहीत.

"आजार होता," त्या म्हणाल्या. "मला तुमच्या आधीपासून माहीत होतं."

त्या मला लहानपणापासून अरे-तुरे करायच्या.

"पण किल्ली काढून घेतली त्या दिवसापर्यंत ते रोज सकाळी भाजी आणायचे. स्वतःहून आरशासमोर उभे राहून भाषणं म्हणायचे. किल्ली घेतली आणि तीन दिवस जेवले नाहीत. त्यानंतर आरशासमोर गेले नाहीत. आजाराने नेलं असतंच. तुम्ही हाताने ढकललंत आणि त्यात मलाही हात लावायला लावलात."

"मी सरांची माफी मागतो, काकू."

"त्यांना तुम्ही कोण ते कळणार नाही. तुमचं ओझं उतरेल आणि ते दिवसभर रडतील, कशासाठी ते त्यांनाही माहीत नसेल. इथे येऊ नका आता."

मी गॅलरीत न जाताच बाहेर पडलो.

भूमिका सोडावी असं मला वाटलं, पण मी सोडली नाही. मॅडमनी नाटकाचे आणखी प्रयोग लावले होते आणि दुसरा माणूस तयार नव्हता, असं मी घरी सांगितलं. मॅडमना मी तसं विचारलंही नव्हतं. पुढच्याच महिन्यात राहुरीला प्रयोग झाला. हॉल भरलेला होता. तिसऱ्या अंकानंतर लोकांनी भरपूर टाळ्या वाजवल्या, आणि मला त्या आवडल्या.