शेवटचा नंबर

मुलुंडला दरवर्षी आम्हा खगोलवेड्यांचं संमेलन भरतं. दुपारच्या सुट्टीत गच्चीवर दुर्बिणीला फिल्टर लावून सूर्यावरचे डाग दाखवतात. माहुलहून दोन बस बदलून येणारे एक काका त्या रांगेत हमखास दिसतात. मागून कोणी आलं की बाजूला होत म्हणतात, "तू हो पुढे." एकदा मी वैतागून कारण विचारलं, तर म्हणाले, "पाठी कोणी नसलं की निवांत बघता येतं रे."

यंदा अखेर त्यांचा नंबर आला आणि नेमका सूर्यावर ढग आला. दुर्बीण आवरायला पाचच मिनिटं उरली होती.

"वाट लागली ना, काका!" मी म्हणालो.

"ढगाला घाई असेल. जाऊ दे त्यालाही पुढे," म्हणाले, आणि खरंच एक पाऊल मागे सरकले.