पाचापर्यंत जुळणारी भाषा

तुमच्या आईला उद्या परक्या देशातल्या एखाद्या वृद्धाश्रमात ठेवावं लागलं, तर तिची भाषा कोणती हे तिथल्या फॉर्मवर कोण लिहील, आणि ते बरोबर आहे की नाही हे तुम्ही तपासाल का?

मी एका आजींची भाषा लिहिली. चुकीची लिहिली.

सीमाभागातल्या आमच्या घरात मी पत्रकांच्या घड्या घालत मोठी झाले. बाबा छापखान्यातून गठ्ठे आणायचे, शाईचा वास घरभर पसरायचा आणि आम्ही बहिणी जमिनीवर बसून बोटं काळी करायचो. जनगणनेत मातृभाषेचा रकाना दुसऱ्याला भरू देऊ नका, असं बजावणारी पत्रकं मी दारोदार वाटली आहेत. सिडनीत कुणी मला हिंदीवाली म्हटलं की अजूनही माझा आवाज चढतो.

आणि पॅरामॅटाजवळच्या ज्या वृद्धाश्रमात मी नोकरी करते, तिथे फिलिपिन्सच्या त्या आजी आल्या तेव्हा माझी शिफ्ट संपायला दहा मिनिटं होती. भाषेच्या रकान्यात मी 'टागालोग' लिहिलं. फिलिपिन्स म्हणजे टागालोग, हे माझं मीच ठरवलं. आजींना विचारून उपयोग नव्हता. स्मृतिभ्रंशात त्यांचं इंग्रजी पुसलं गेलं होतं. पण त्यांच्या मुलाला फोन करता आला असता. तो मी केला नाही.

पुढचं सगळं त्या एका शब्दावर रचलं गेलं. फोनवर टागालोगची दुभाषी आली. ती म्हणाली, "निम्मं कळतच नाही, असंबद्ध बोलताहेत." फाइलमध्ये शेरा लागला: गोंधळलेल्या. मी आणि माझी सहकारी मिळून त्यांना कुशीवर वळवायचो, तेव्हा त्या ओरबाडायच्या. फाइलमध्ये शेरा लागला: आक्रमक. मग गुंगीच्या गोळ्या सुरू झाल्या. त्या रोज एकच वाक्य म्हणत होत्या. गोळ्यांनंतर ते हळू झालं, थांबलं नाही.

माणसाला वळवताना मोठ्याने तीन आकडे मोजायचे, अशी आमच्या कामाची रीत आहे. माझ्यासोबत या कामाला इंडोनेशियातल्या बांडुंगकडची एक ताई असते. तिच्या सुंदानी भाषेत ताईला 'तेतेह' म्हणतात, म्हणून मीही तेच म्हणते. एका दुपारी डबल शिफ्टने दमलेली तेतेह इंग्रजी विसरली आणि तिच्या भाषेत मोजू लागली, "हिजी, दुआ, तिलू..."

आजींची मूठ सैल पडली. डोळे मिटलेलेच होते. त्या म्हणाल्या, "उपात, लिमा."

"ओपात, लिमा," तेतेह पुटपुटली, आणि आजी आपण होऊन कुशीवर वळल्या.

बाहेर आल्यावर तेतेहने माझा दंड धरला. "ही टागालोग नाही. टागालोगमध्ये चारला आपात म्हणतात, किचनमधला तो टागालोग बोलणारा मुलगा रोज ट्रे मोजतो ना! फॉर्म कुणी भरला गं?"

"मी."

"तू? हिंदी म्हटलं की चावायला उठणारी तू?"

मी तिथूनच मुलाला फोन लावला. तो पश्चिमेकडच्या खाणीत कामाला होता. "आमची भाषा सेबुआनो," तो म्हणाला. "कुणी विचारलंच नाही. मला स्वतःला मोडकीतोडकीच येते."

टी-रूममध्ये आम्ही दोघी फोनवर शब्दकोश उघडून बसलो आणि पेपर टॉवेलवर दोन रांगा केल्या, सेबुआनो आणि सुंदानी. दुहा, दुआ. तुलो, तिलू. चंद्र दोन्हीकडे बुलान, आकाश दोन्हीकडे लांगित, मूल दोन्हीकडे आनाक, डोळा दोन्हीकडे माता. 'एक' हा आकडा मात्र जुळेना, आणि पाचानंतर वाटा फुटल्या. मध्ये केवढा समुद्र, तरी इतकं उरलेलं. मला आनंद झाला, आणि लगेच त्याची लाज वाटली.

तेतेहची अडचण वेगळीच होती. सुंदानीत मोठ्यांशी बोलायचे शब्द निराळे असतात. दुसऱ्याच्या मुलाला आदराने पुत्रा म्हणायचं, डोळ्यांना सोचा. आजींना कळतील असे आनाक आणि माता हे शब्द तिच्यासाठी बरोबरीच्यांत वापरायचे, नाहीतर उद्धट. "आईला मी असं बोलले असते तर थोबाडीत बसली असती," ती म्हणाली. तरी ती गेली, पलंगाशी वाकली, आधी हात जोडून माफी मागितली आणि म्हणाली, "आनाक?"

आजी रडल्या. मग त्यांनी तेच वाक्य म्हटलं, या वेळी थेट तेतेहकडे बघून. तेतेहला ते कळलं नाही. चार आकडे आणि चार शब्दांवर माणसाला वळवता येतं, त्याचं म्हणणं ऐकता येत नाही.

मी फॉर्म दुरुस्त केला. ऑफिसमध्ये जाऊन भांडले, बाबांसारखी टेबलावर हात आपटून. सेबुआनोचा दुभाषी गुरुवारचा मिळाला.

मंगळवारी सकाळी चादर बदलायला गेलो तेव्हा आजी गेलेल्या होत्या. खिडकीबाहेर नेहमीची ट्राम जात होती. तेतेह तिच्या भाषेतले आदराचे सगळे शब्द वापरून त्यांच्याशी बोलली. मी आणलेली चादर त्यांच्यावर पसरली.

मुलाने फोनवर विचारलं, "शेवटी काय म्हणत होती ती?"

तीन आठवडे मी ते वाक्य रोज ऐकलं होतं. सांगायला गेले, तर पहिले दोन आवाज आठवले, पुढचं काही नाही. तो "नो वरीज" म्हणाला, काही हरकत नाही. त्या दोन शब्दांइतकं मला आजवर काही लागलेलं नाही.

म्हणून तुम्हाला एक मागणं आहे. तुम्ही नर्स असाल, केअरर असाल, शेजारी असाल. तुमच्या आसपास कुणी म्हातारं माणूस तुम्हाला न कळणारं काही पुन्हापुन्हा म्हणत असेल, तर अर्थाची वाट पाहू नका. फोनवर रेकॉर्ड करायला घरच्यांची परवानगी मागा. नाही मिळाली, तर कागद घ्या आणि जसं ऐकू येतं तसं, अक्षर न् अक्षर, देवनागरीत लिहून काढा. आजच लिहा, आणि तो कागद त्यांच्या माणसांना मोठ्याने वाचून दाखवा.