दिग्यानं पाडलेले डाग

चहाचा कप आधी खाली ठेवा. मागच्या वेळी हे ऐकताना एकाच्या नाकातून चहा आला आणि त्याचाही दोष माझ्यावरच आला. हल्ली सगळ्याचाच येतो. अख्ख्या मालवणात कुणाच्या मिक्सरमधून धूर निघाला तरी लोक माझ्याकडे बघून हसतात!

मला राग लवकर येतो, असं म्हणतात. साफ खोटं! लवकर यायला तो आधी गेलेला तरी हवा ना? आणि का येऊ नये? तुम्ही समुद्राकाठी राहून फोटोग्राफीचा नाद करून दाखवा. लेन्स कपाटात ठेवली की बुरशी, बाहेर काढली की रेती. मी कॅमेरा हवाबंद डब्यात, ओल शोषणाऱ्या पुड्या घालून ठेवतो. आमची बायको म्हणते, "इतकी माया माझ्या पापडांका करशात तर ते मऊ तरी पडाचे नाय."

बरं, नाद एकट्याचा असता तर निभावलं असतं. पण आमचा एक ग्रुप आहे. गावातल्या हौशी फोटोग्राफरांचा, व्हॉट्सॅपवर. सकाळपासून तिथं एकच दळण. कुठली लेन्स बरी, कुठल्या सॉफ्टवेअरनं आभाळ निळं होतं, आणि मध्येच कुणीतरी, "गॅसवाला आज तुमच्याकडे इलो काय?" मी चार तास बसून फोटो एडिट करून टाकायचा आणि खाली काय? अंगठा! नुसता अंगठा! नीट बघितला तरी का रे, मेल्यांनो?

त्या ग्रुपातला माझा खास दोस्त म्हणजे दिगंबर, अर्थात दिग्या. बाजारात त्याचं किराणा दुकान आहे. गल्ल्याशेजारी कॅमेरा ठेवून बसतो. फोटो बरे काढतो, पण ते त्याला सांगायचं नसतं.

तर आमचे घरमालक बाबलकाका. जन्म समुद्रावर गेला, स्वतःच्या होडीचे तांडेल, म्हणजे कप्तानच. यंदा कंबर साथ देईना म्हणून त्यांनी ठरवलं, होडी आता प्रसादच्या हातात द्यायची. प्रसाद म्हणजे त्यांचा मुलगा. नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ द्यायचा आणि मग प्रसाद तांडेल म्हणून पहिल्यांदा होडी बाहेर काढणार.

त्यांची बायको सुमनकाकी आदल्या दिवशी आमच्या मागच्या दारात आल्या.

"सावंतानू, तुमचो तो मोठो कॅमेरो आसा मा? झिलाचो होडयेवरचो एक फोटो काढून दिया. भिंतीर लावतलंव. चवथीक सगळे मुंबयकार येतले, तेंका दिसाक व्हयो."

"काकी, असा काढतो की लोक दारात थांबून बघतील!"

थांबले. ते पुढे येईलच.

बघा, मागून मागून त्यांनी काय मागितलं? एक फोटो. आणि दिवस असा की पुन्हा येणार नाही. मुलगा पहिल्यांदा तांडेल एकदाच होतो. हे मला कळत नव्हतं का? चांगलं कळत होतं! म्हणूनच मी साधा फोटो काढणार नव्हतो.

मला काढायचं होतं लाँग एक्स्पोजर. म्हणजे कॅमेरा तिकाटण्यावर बसवायचा, लेन्सवर काळी काच चढवायची आणि शटर बराच वेळ उघडं ठेवायचं. समुद्राचं पार दूध होतं. ढग ओढल्यासारखे दिसतात. त्यात वाइड लेन्स, म्हणजे किल्ला, आभाळ, किनारा सगळं आत.

नारळी पौर्णिमेला किनाऱ्यावर ही गर्दी. ढोल वाजतायत, पोरं नाचतायत, वारा असा की टोपी जागेवर राहीना. मी काळ्या काचेचं झाकण सोडवत होतो, म्हणून कॅमेरा घटकाभर दिग्याच्या हातात दिला. वळून बघतो तर ह्यानं माझी लेन्स काढलेली! भर वाऱ्यात, वाळूत! कॅमेऱ्याचं पोट उघडं!

"दिग्या! काय करतंस?"

"अरे, तुझी वाइड नको. माझी झूम लाव. होडी हयसूनच जातली, प्रसादचो तोंड बरो येयत."

"लेन्स लाव आधी! वाऱ्यात उघडतात का कॅमेरा?"

"लोकांका होडी व्हयी रे, दूध नको!"

दूध नको म्हणे! माझ्या डोक्यात अशी तिडीक गेली म्हणून सांगू. मी कॅमेरा हिसकावला, वाइड लेन्स परत बसवली, आणि मग दिग्याला कलेबद्दल चार शब्द सुनावले. चार कसले, चांगले पोटभर. मागे ढोल चढले, शिट्ट्या झाल्या, कुणीतरी "हय्या!" केलं, पण मी विषय अर्धा सोडणारा माणूस नाही.

बोलून झालं तेव्हा वळलो. समोर वाळूत निळी होडी उभी. झेंडूच्या माळा, भगवं निशाण, मागे किल्ला. वा! आता हिला लोटतील, म्हटलं, त्याआधीच टिपू. मी पडलो कणकवलीच्या आतल्या अंगाचा. आमच्याकडे भात आणि काजू. होडी म्हटली की मला सगळ्या सारख्याच. कॅमेरा तिकाटण्यावर बसवला, काळी काच चढवली, लागोपाठ फ्रेमा घेतल्या आणि पाऊस शिंतडायला लागला तसा कॅमेरा पोटाशी धरून घरी पळालो.

घरी कॉम्प्युटरवर फोटो मोठा करून बघतो तर काय! समुद्राच्या रेषेवर डाग! करडे, पुसट, पसरट डाग. एक नाही, पूर्ण रांग. फोटोग्राफीतल्या कुणालाही विचारा, कॅमेऱ्याच्या पोटातल्या सेन्सरवर धूळ बसली की हुबेहूब असेच डाग येतात.

म्हणजे कुणी केलं? सांगा की! कुणी उघडला होता कॅमेरा वाऱ्यात?

मी ग्रुपवरच सुरू केलं. सगळ्यांदेखत. "दिग्या, माझ्या सेन्सरवर धूळ घातलीस! गाढवा, तुझ्या दुकानातल्या गोणपाटासारखा कॅमेरा उघडतोस?"

"कसली धूळ? दुसऱ्या फोटोत बघ मरे. धूळ आसली तर त्याच जाग्यार दिसतली."

आता वास्तविक हे अगदी बरोबर होतं. धूळ सेन्सरला चिकटते, ती हलत नाही. दुसरी फ्रेम उघडायची, बस्स. पण ज्यानं गुन्हा केला त्यानंच मला तपास शिकवायचा? मी दुसरी फ्रेम उघडली नाही. मुद्दाम नाही उघडली! दिग्याला ब्लॉक केलं. ग्रुप सोडला. त्याच्या दुकानात जाणं बंद. साखर आणायला पावसातून बाजाराच्या पार दुसऱ्या टोकाला जायचो, आणि जाताना वाटेत भेटेल त्याला सांगायचो, दिग्याच्या हातात कॅमेरा देऊ नका. माशांच्या लिलावात उभ्या असलेल्या बायकांनाही सांगितलं. त्यांचा काय संबंध? काही नाही. मला राग आला होता.

मग बसलो फोटो साफ करायला. सॉफ्टवेअरमध्ये डाग पुसायचा ब्रश असतो. डागावर ठेवायचा, दाबायचं, डाग गायब. प्रत्येक डागाला मी दिग्याच्या नावानं एक शिवी घातली आणि पुसला. समुद्र असा स्वच्छ केला की काय बघता! मग वाळूतली होडी धारदार केली, तिचा निळा चढवला, खाली कोपऱ्यात माझं नाव टाकलं. बारीक नाही, दिसेल असं. कुडाळहून कॅनव्हासवर छापून आणला. दाराएवढा!

चवथीचा दुसरा दिवस. काकांच्या घरात पाऊल ठेवायला जागा नाही. मुंबईकर आलेले, वाडीतले सगळे होडीवाले भजनाला जमलेले. भजन झालं, उसळ-चहा फिरला, आणि काकींनी प्रसादला भिंतीवरच्या कॅनव्हासवर टाकलेला कपडा ओढायला सांगितला. मी मुद्दाम मधोमध उभा होतो. शाबासकी घ्यायला सोयीचं पडावं म्हणून.

प्रसादनं कपडा ओढला.

 उसळीचे चमचेसुद्धा थांबले. मी मनात म्हटलं, बघा, ह्याला म्हणतात कला.

काकी पुढे गेल्या. डोळे बारीक केले. "ही खंयची होडी?"

"तुमचीच की, काकी."

बाबलकाका कंबर धरून उठले. जवळ जाऊन बघितलं आणि त्यांचा चेहरा लाल झाला. "ही वश्याची!"

वश्या म्हणजे वसंत तांडेल, काकांचा चुलतभाऊ. एका माडावरून त्यांची कोर्टात केस चालू आहे. माड बिचारा म्हातारा झाला, केस तरणीच आहे! दोघांच्या होड्यांचा निळा रंग एकच, कारण भांडण व्हायच्या आधी दोघांनी मिळून आणला होता. त्या दिवशी वसंताचं इंजिन चालू झालं नाही, म्हणून त्याची एकट्याची होडी वाळूत राहिली होती. आणि मी ती दाराएवढी करून त्याच्या वैऱ्याच्या भिंतीवर, गणपतीच्या बाजूला टांगली होती.

"माझ्या घरात वश्याची होडी?" काका ओरडले. "आणि माझी खंय?"

"काका, ती... पुढे गेली असेल."

"खंय पुढे? दर्यात एकय होडी नाय!"

हे ऐकल्यावर मात्र काकींनी कपाळावर हात मारला. "सणाच्या दिवशी भरललो दर्या ह्येंनी रिकामो केल्यानी! शिरा पडली त्या कॅमेऱ्यार!"

मी गप्प बसायला हवं होतं. कुणीही शहाणा बसला असता. पण माझा राग पुन्हा उसळला. ह्या सगळ्याचं मूळ कोण? दिग्या! मी पळत खोलीत गेलो, लॅपटॉप आणला, मूळ फोटो उघडून गणपतीसमोरच्या पाटावर ठेवला.

"हे बघा! किती घाण होती समुद्रात! हे डाग बघा! सगळे दिग्यानं पाडलेले! रात्र रात्र बसून मी एकेक पुसलाय!"

लोक वाकले.  मग प्रसादनं पहिल्या डागावर बोट ठेवलं. पोरगा मुळात शांत, पण बोट उचलेना.

"सावंतानू, ही आमची होडी."

"छे! ती धूळ आहे."

"तेच्या पाठसून माझी," मागून कुणीतरी म्हणालं.

"आणि ती माझी. आणि तिच्याफुडे आमच्या भावोजींची."

"अशक्य!" मी ओरडलो. "धूळ हलत नाही! थांबा, दुसरी फ्रेम दाखवतो, डाग तिथल्या तिथंच असतील!"

दुसरी फ्रेम उघडली. डाग पुढे सरकले होते.

तिसरी उघडली. आणखी पुढे. धूळ ओळीनं खोल समुद्रात निघाली होती आणि सगळ्यात पुढच्या धुळीवर भगवं निशाण होतं!

शटर इतका वेळ उघडं की लांब गेलेल्या होड्या पुसट झालेल्या. मी काय पुसलं होतं? अख्ख्या वाडीच्या होड्या! नारळी पौर्णिमेच्या दिवशी! एकेकीला शिवी घालून! आणि ठेवली कुठली, तर जी गेलीच नाही ती. बायको दारात उभी होती. ती एवढंच म्हणाली, "आता ह्या ग्रुपार टाका."

दुसऱ्या दिवशी वसंत तांडेल स्वतः आला आणि तो कॅनव्हास मागून घेऊन गेला. "सबंध दर्यार आपली एकटी होडी! असो फोटो कोणाकडे नाय!" तो गल्लोगल्ली फिरवला त्यानं, माझ्या नावासकट.

काकी माझ्याशी बोलेनात. ओरडल्या असत्या तर बरं, त्यावर मी उलट ओरडलो असतो. पण सकाळी पाणी भरताना बघितलं, त्या हॉलमध्ये त्या रिकाम्या खिळ्याकडे बघत उभ्या होत्या. मग मला माझाच असा राग आला की छत्री न घेता निघालो, तो थेट दिग्याच्या दुकानात.

दिग्या शेंगदाणे तोलत होता. वर न बघता म्हणाला, "काय व्हया?"

"साखर दे."

दिली. मग मी पोहे मागितले. मग उदबत्ती. मग उंदराचं औषध. घरात उंदीर नाहीत. शेवटी त्यानंच तराजू खाली ठेवला.

"फोटो व्हयो मा? त्याच दिवशी तुका पाठवललंय. तू माका ब्लॉक केललंस."

त्यानं मोबाईल पुढे केला. काय फोटो! होडी जवळून पाणी कापत निघालेली. प्रसाद उभा, जबडा घट्ट, डोळे समोर. वाळूत बाबलकाका, हात वर केलेला. काकींचा पदर डोळ्याला. मागे वाडीच्या सगळ्या होड्या.

आणि उजव्या कोपऱ्यात, होडीकडे पाठ करून, तोंड एवढं मोठं उघडून, दिग्याच्या कॅमेऱ्याकडे बोट रोखून ओरडणारा एक इसम. इसम कुठला, मीच! मी कलेवर बोलत होतो तेव्हा होडी माझ्या पाठीमागून गेली होती.

फोटो घेऊन काकांकडे गेलो. काकांनी बराच वेळ बघितला. काकींनी प्रसादच्या चेहऱ्यावरून बोट फिरवलं आणि पहिल्यांदा हसल्या. मी लगेच पुढे सरसावलो. म्हटलं, "काका, छापायच्या आधी दोन मिनिटं द्या. कोपऱ्यातून मला तेवढं पुसून टाकतो. माझ्याकडे तो ब्रश..."

"खबरदार!" काका असे उठले की कंबर दुखते हे विसरले. "त्या ब्रशाक हात लावशात तर बगा! काय एक पुसूचा नाय!"

तर आता तो फोटो त्या भिंतीवर आहे. दाराएवढा. येणारा प्रत्येक पाहुणा होडी बघतो, प्रसादला बघतो, आणि शेवटी कोपऱ्यावर बोट ठेवून विचारतो, "आणि हो कोण बोंब मारता?"

काकी शांतपणे सांगतात, "तो? तो डाग आसा. दिग्यान पाडललो. रवांदे, पुसूक गेल्यार होडी जायत."