एंजलची तिसरी मादी

"ही मादी बी वांझ निघाली. बदलून द्या, न्हाईतर तुमचं सर्व्हिसिंग बंद."

जुन्या जालन्यातले एक कापडवाले शेठ मला सांगत होते. त्यांच्या दिवाणखान्यात एंजल माशांची टाकी आहे; मासे देणं आणि टाकीची साफसफाई माझ्याकडे. त्यातल्या मोठ्या माशाचं नाव त्यांनी राजा ठेवलेलं. आधीच्या दोन माद्या त्यांनी याच आरोपाखाली मला परत केल्या होत्या. शेठनी काम काढून घेतलं असतं तर त्यांच्या ओळखीतल्या टाक्याही गेल्या असत्या, आणि माझं घर त्याच टाक्यांवर चालतं. जाफराबादकडच्या आमच्या कुटुंबातला मी पहिला पदवीधर. मत्स्यशास्त्र घेतलं तेव्हा वडिलांनी 'माशांचं काय शिकायचं?' असं एकदाही विचारलं नाही. शेठ दर भेटीला विचारायचे.

"अंडी घालते का?"

"ढीगभर! पण सगळी पांढरी पडून राह्यली. दोष मादीतच."

"राजा नर आहे हे कशावरून?"

शेठ हसले. "अहो, केवढा धिप्पाड आहे! तिला कोपऱ्यात दाबून ठेवतो. कॉलेजात हे बी शिकवलं न्हाई का?"

कॉलेजात वेगळं शिकवलं होतं. एंजल हा सिक्लिड कुळातला मासा. आकारावरून किंवा दादागिरीवरून त्यातला नर ओळखता येत नाही. खात्री होते ती अंडी घालायच्या वेळी. तेव्हा पोटाखाली एक छोटी नळी बाहेर येते. आम्ही तिला ट्यूब म्हणतो. नराची बारीक आणि टोकदार, मादीची जाड आणि बोथट. नर नसला तर दोन माद्याही जोडी जमवतात आणि दोघी अंडी घालतात. ती फळत नाहीत, पांढरी पडतात. 'ढीगभर' ऐकूनच मला शंका आली.

"अंड्यांसाठी टाकीत ठेवलेली पाटी तोंडाने साफ करायला लागले की बोलवा," मी म्हणालो. "तोवर मादी बदलणार नाही."

पुढच्या आठवड्यात फोन आला. "जल्दी या, पाटी घासून राह्यले."

आम्ही टाकीसमोर उभे राहिलो. लहान मादीने पाटीवर अंड्यांची ओळ चिकटवली. मग राजा पुढे सरकला. नळी जाड, बोथट. तिच्यातूनही एकेक अंडं पाटीला चिकटू लागलं.

शेठच्या पत्नी काचेजवळ वाकल्या. "अगं बाई! तुमचा राजा बाळंत होऊन राह्यला!"

"असं होतच न्हाई," शेठ म्हणाले.

"तिघींना नावं ठेवली. आता बोला की!"

परत आलेली पहिली मादी माझ्याकडे एका किरकोळ नराला लागली आणि तिची पिल्लं पोहताहेत, हेही मी सांगितलं. शेठनी ते ऐकलं न ऐकल्यासारखं केलं.

"मंग नर आणा. पण राजापेक्षा मोठा पाहिजे."

मी ट्यूब बघून खात्रीचा नर नेला. तो लहान होता. "हा नर?" म्हणून शेठनी माघारी धाडला आणि दुसऱ्या दुकानातून चांगला धिप्पाड मासा आणला. पत्नीने बजावल्यामुळे सर्व्हिसिंग माझ्याकडेच राहिलं.

धिप्पाड तो नर, हे ज्याचं ठरलेलं आहे, त्याच्यासमोर माशाने अंडं घातलं तरी उपयोग नसतो. त्या टाकीतली पांढरी अंडी अजून मीच खरवडून काढतो.