गाडीचो दिवस

आमचं गाव कोकणात, पण त्याची माणसं लालबागेत. गावात बायका, म्हातारे नि शाळेतली पोरं. कर्ता पुरुष औषधालाही सापडायचा नाही. सगळे गिरणीत, आणि राहायला गावकीच्या खोलीत एकाच्या उशाशी दुसऱ्याचे पाय. आमच्यासारखी बायकापोरांसकट चाळीत राहणारी बिऱ्हाडं थोडीच. बाबांची यावरून कोण छाती फुगायची! "आमचो अर्धो गाव परळात," असं रस्त्यावरच्या कोणालाही ऐकवायचे.

दुसरी फुशारकी गाडीची. सरकारी बस तालुक्यापर्यंत, पुढे डोंगर चढून पायपीट. म्हणून आमच्या नि शेजारच्या गावांच्या मुंबईतल्या मंडळांनी मिळून एक खाजगी गाडी ठरवली होती. शनिवारी संध्याकाळी ती लालबागहून सुटायची, रविवारी सकाळी लांबच्या वळणाने आमच्या तिठ्यावर माणसं उतरवायची आणि तिथून पुढे तालुक्याला जाऊन परत फिरायची. गावातल्या बायका रविवार म्हणायच्याच नाहीत. 'गाडीचो दिवस' म्हणायच्या.

मग संप झाला. आज मिटेल, उद्या मिटेल करता करता बिऱ्हाडंच्या बिऱ्हाडं गावी निघाली. आईला तेव्हा दिवस गेलेले. "थंय पोटभर पेज तरी गावतली," म्हणून बाबांनी तिला त्याच गाडीत बसवून दिलं. मी राहिले, शाळेसाठी आणि बाबांना दोन घास करून घालायला. गाडी हलल्यावर आई पदराने डोळे पुसत होती आणि बाबा उगाच ड्रायव्हरला सूचना देत होते.

आता गंमत बघा. जिथे माणूस दिसत नव्हता ते गाव गच्च भरलं, आणि गाडी पडली रिकामी. जायचे ते जाऊन बसले, आता मुंबईहून जाणार कोण? मंडळाची बैठक आमच्याच खोलीत झाली. मी सगळ्यांना कोरा चहा दिला. गाडी बंद करायचं ठरलं, बाबांनीही मान डोलावली. डोलावतील नाही तर काय करतील, स्वतः उपाशी राहून गाडी पोसतील? पण गावाला हे कळवायचं कोणी, हे एकाही शहाण्याच्या डोक्यात आलं नाही. गावाला निरोप जायचा तोच मुळी गाडीबरोबर.

पुढच्याच रविवारी आई अडली. पहाटे सुईणीने हात टेकले, तालुक्याच्या दवाखान्यात न्या म्हणाली. उचलायला आता पुरुष होते हो गावात, हवे तेवढे! खुर्चीत बसवून डोंगरावरून तेव्हाच नेली असती. पण गाडीचा दिवस. गाडीने लवकर पोचेल, हाल व्हायचे नाहीत, म्हणून सगळ्यांनी तिला तिठ्यावर नेऊन बसवली. ऊन चढलं, डोक्यावर आलं. शेवटी खुर्ची उचलली, आणि डोंगराच्या वाटेवरच आई गेली. बाळ पोटातच गेलं.

तालुक्याहून आमच्या चाळीखालच्या वाण्याकडे फोन आला. बस बदलत बदलत आणि शेवटी चालत आम्ही पोचलो, तोवर सगळं आटोपलं होतं. काका एवढंच म्हणाले, "गाडी बंद झाली म्हणान आमका कोणी सांगूक नाय." बाबा अंगणात तसेच उभे. मला त्यांचा राग आला, मंडळाचा आला, गिरणीमालकांचा तर आलाच. अजून येतो. मेला जातच नाही.

काकी मला जवळ घेऊन रडत होती. रडता रडताच बोलली, बाबांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने. उन्हं वर आल्यावर माणसं दोनदा खुर्ची उचलायला उठली होती. दोन्ही वेळा आईनेच त्यांना खाली बसवलं. म्हणाली, "वायच थांबा. गाडी येवची नसती, तर ह्यांनी माका कळवला नसता?"