वहिनींचा उजवा हात

वॉर्डात चार वर्षं काढली की किस्से गोळा करावे लागत नाहीत, तेच मागे लागतात. सत्तरच्या दशकात कलकत्त्याच्या एका मोठ्या हॉस्पिटलात मी फिजिओथेरपिस्ट होते. मैत्रिणी म्हणतात, तुझं ऐकून हसावं की भांडावं तेच कळत नाही. भांडा! मी तर रोज तेच करत होते.

आमचे सर्जन कॅन्सरसाठी स्तन काढताना खालचा स्नायू आणि काखेतल्या लसिकाग्रंथीही झाडून सगळ्या काढत. तेव्हा रीतच तशी होती, त्याबद्दल तक्रार नाही. पण हातात झिरपणारं पाणी त्या ग्रंथींतूनच माघारी जातं. वाट गेली की पाणी तुंबतं, हात सुजतो. हे बाईला आधी सांगायला नको?

कुलकर्णी वहिनींच्या वेळी मी विचारलंच. वहिनी आपल्या मराठी मंडळींतल्या, यजमान गार्डन रीचला रेल्वेच्या ऑफिसात. सर म्हणाले, मिस्टरांना सांगितलंय. मिस्टर म्हणाले, "तिला कशाला उगीच काळजीत टाकायचं?" हात बायकोचा आणि सही यांची!

*

पुढे हात सुजू लागला. त्या हाताला सुई नको, बी.पी.चा पट्टा नको, म्हणून मी वहिनींच्या दंडावर ठळक चिकटपट्टी लावली. दुसऱ्याच दिवशी हाउसमन म्हणून आलेल्या शिकाऊ डॉक्टरनं नेमकं तिथंच इंजेक्शन टोचलं. जाब विचारला तर म्हणतो, "पट्टी दिसली. वाटलं, जागा दाखवून ठेवलीय."

*

घरी हलके व्यायाम सांगितले होते. केस विंचरायचे, भिंतीवर बोटं चढवत न्यायची. सासूबाईंनी मला फैलावर घेतलं, आजारी सुनेकडून कसले व्यायाम करून घेतेस म्हणून. थोड्या दिवसांनी गेले, तर वहिनी पाट्यावर पुरण वाटत बसलेल्या! सासूबाई म्हणाल्या, "हा कुठं व्यायाम आहे?"

*

वर्षभरात तो दंड मांडीसारखा झाला. ब्लाउजची बाही चढेना, पोळी लाटता येईना, बसता-झोपताना हाताचं ओझं कुठं टेकवावं कळेना. दर तपासणीला वहिनी हेच विचारत. सर फक्त व्रण बघत आणि म्हणत, जीव वाचला ना, मग हाताचं काय घेऊन बसलात?

एकदा भोवती विद्यार्थी होते. सर खुर्चीत बसून त्यांना सांगत होते, ही पूर्ण बरी झालेली केस. मग त्यांनी मिस्टरांना विचारलं, कसं वाटतंय? मिस्टर म्हणाले, छान.

वहिनी उठल्या. स्टूल ओढून सरांच्या अगदी जवळ बसल्या आणि उजवा हात उचलून त्यांच्या दोन्ही हातांत दिला. "डॉक्टरसाब, ज़रा पकड़िए."

सगळे बघत होते, त्यामुळे सरांना तो सोडता येईना. थोड्या वेळानं ते अवघडले. हात टेबलावर टेकवून पाहिला, वहिनींना कड रुतली. आपल्या गुडघ्यावर घेऊन पाहिला, तो घसरला. शेवटी हळूच म्हणाले, "इसको रखूँ कहाँ?"

वहिनी म्हणाल्या, "एक साल से मैं वही तो पूछ रही हूँ."