जांभळीवरची तार

मी कमी बोलणारा माणूस. त्यात ही गोष्ट तर दहा-बारा वर्षे पोटातच ठेवली. लोणावळ्याच्या शाळेत सायन्स शिकवणारा माझा मित्र परवाना काढून हौसेने बिनतारी संदेश पाठवायचा. मी रेल्वेत तारबाबू, म्हणून मोर्सचे कट्ट-कडकट्ट मला येई. यंत्राचे शहाणपण त्याचे. एरियलच्या तारेचे एक टोक त्याच्या घरावर, दुसरे शेजारच्या शेतातल्या जांभळीवर. ती ताणून धरणारा दोर बुंध्याला बांधायचा मान शेतकरी आबांचा. "मास्तरांचं बोलणं माज्या झाडावरनं सिलोनला जातं," असे ते अख्ख्या औंढे गावाला सांगत.

यंत्र जुळवायची रीत अशी: कंडेन्सरची मूठ फिरवून मीटरची सुई खाली पडेल तिथे थांबायचे. मग एरियलची कॉइल सूतभर जवळ घ्यायची. सुई चढते, पुन्हा कंडेन्सर, पुन्हा खाली. दर वेळी व्हॉल्व्हच्या काचेत डोकावायचे. आतली प्लेट लाल दिसली की बंद, नाहीतर व्हॉल्व्ह जळालाच! जोर किती आहे ते पाहायला तारेच्या वेटोळ्यात टॉर्चचा बल्ब अडकवून कॉइलजवळ धरायचा, बॅटरीवाचून पेटे.

एका रविवारी मित्र मला घरी बसवून बाजारात गेला. "हात लावू नकोस. दुपारी सिलोनवाल्याशी वेळ ठरलीय," असे बजावून. तेवढ्यात आबांची बायको ताक घेऊन आली. मी बल्ब पेटवून दाखवला.

"अगं बया! वायर न्हाई, काय न्हाई, आन् पेटला कसा?"

"ही तर सुरुवात, मावशी."

"आजून मोटा हुतो का?"

न होऊन कसे चालेल! कॉइल सूतभर नाही, चांगली बोटभर सरकवली. बल्ब झगझगला. सुई कुठे गेली ते कोण बघतो!

"भाऊ, त्या काचंत इंगळ फुललाय जनू! लय झ्याक!"

मी बटण दाबेपर्यंत व्हॉल्व्ह निवर्तला. मावशी खूश होऊन घरी गेल्या.

खरे पाप पुढेच. मी शेतात जाऊन जांभळीचा दोर सोडला, तार भुईवर पाडली आणि मित्राला सांगितले, "मी नुसतं यंत्र तापवत होतो. तार पडली, यंत्राचा मेळ बिघडला अन् व्हॉल्व्ह गेला." दुपारी सिलोनवाला साद घालत राहिला. आम्ही नुसते ऐकत बसलो. संध्याकाळी मित्र आबांना म्हणाला, "यापुढे गाठ वायरमन मारेल." आबा टोपी सारखी करून निघून गेले. त्यानंतर ते दिसले की मी वाट बदलायचो.

पुढे महायुद्ध पेटले आणि अशी यंत्रे सरकारजमा झाली. लढाई संपल्यावर परवाना पुन्हा मिळाला आणि मित्र तारेसाठी वायरमन शोधायला निघाला. मी त्याला धरून आबांच्या अंगणात नेले आणि दोघांसमोर सगळे ओकलो.

मित्राने चष्मा काढला. "गाढवा, सिलोनवाल्याची मी माफी मागितली. आबांची मागायची ते तू कळूच दिलं नाहीस!"

आबा म्हणाले, "मला त्याच सांजंला कळलं व्हतं. हिनं सांगितलं, इंगळ फुलला आन् भाऊंचं त्वांड पांढरं पडलं. माजी गाठ काय आपसूक सुटती व्हय?"

"मग बोलला का नाहीत?"

"दोन दोस्तांत बिब्बा कशाला घालू? म्हटलं, भाऊच सांगत्याल. पर लय येळ लावलात."

आतून मावशी ओरडल्या, "आदी ताक द्या त्यास्नी! त्वांड आताबी पांढरंच हाय!"

वायरमन रद्द झाला. गाठ आबांनीच मारली. त्यांचे गुडघे धरलेले, म्हणून झाडावर मला चढवले. खालून त्यांच्या तोंडाचा पट्टा सुरू होता, "तितं न्हाई, वरल्या फांदीला! तारबाबू म्हनं!"